‘दिलगीर आहोत’ ही माफी धरायची का?

कणकवलीवाला : गणपतीच्या तोंडावर एका खासगी बस कंपनीनं ऐनवेळी आरक्षणं रद्द केली. चाकरमान्यांनी फेसबुकवर कंपनीला धू धू धुतलं. मग पत्रक आलं : ‘तांत्रिक कारणास्तव फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ लोक उलट जास्तच भडकले. दिलगीर म्हणजे नेमकं काय?

दापोलीकर : शब्द फारसी. दिल म्हणजे मन, गीर म्हणजे धरणारा. दिलगीर म्हणजे खिन्न, उदास. कंपनीला वाईट वाटलं, एवढाच मूळ अर्थ. वाईट मलाही वाटलं, पण बस मी रद्द केली नव्हती! अर्थात ‘दिलगिरी व्यक्त केली’ हे आज माफीच्या अर्थानं सर्रास चालतं, तेव्हा शब्दाला दोष देऊ नये. खरी गोम ‘कराव्या लागल्या’त आहे. कर्ताच गायब.

वेंगुर्लेकर : गावच्या बैठकीत असा कोण बोललो तर म्हणतीत, ‘तुका वाईट वाटला ता रवांदे, चूक कोणाची ती सांग.’

मालवणचा एक : आमच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा आठवा. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचं कारण दिलं. अहो, किनाऱ्यावर राहणाऱ्याला पावसाळ्यातला वारा काय सांगता? लोकांना ‘दुर्दैवी’ नको होतं, ‘माफी’ हवी होती. ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांनी तो शब्द उच्चारला.

चिपळूणहून : त्या वाऱ्यासारखं कारण द्यायचं त्याला आपण ‘खुलासा’ म्हणतो. आमच्याकडचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, माणसं वाहून गेली, आणि जलसंधारणमंत्र्यांनी दोष ठेवला खेकड्यांवर. धरण फुटल्याच्या संतापात त्या खुलाशाच्या संतापाची भर पडली. आंदोलक खेकडे घेऊनच रस्त्यावर उतरले.

कणकवलीवाला : मग आपल्याकडे माफीचा शब्द कोणता? देवापुढच्या गाऱ्हाण्यात म्हणतात तो? ‘काय चुकला माकला असात तर...’

दापोलीकर : तोही ‘असात तर’च की! ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ याचा सख्खा भाऊ.

वेंगुर्लेकर : नाय हां. गाऱ्हाण्यात ‘आमच्या हातसून’ असता. हात कोणाचो ता आधीच सांगतत. आणि समोर देव असता, तेका सगळा ठावक. कंपनीच्या पत्रकात हातच नाय.

मुंबईकर (माहेर गुहागर) : अवांतर : गाऱ्हाणं म्हणजे तक्रार ना?

वेंगुर्लेकर : तक्रार पण आणि देवापुढची विनवणी पण. कोणापुढे उभे रवतास त्यावर.

चिपळूणहून : जाता जाता, चॅनेलवाल्यांचा ‘मोठा खुलासा’ हिंदीतून आलाय. तिथे तो गौप्यस्फोट. मराठी खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. दोन्हींची गल्लत झाली की ‘कंपनीचा खुलासा’ वाचून लोकांना वाटतं, काहीतरी बाहेर आलं. आत मात्र ‘तांत्रिक कारण’.