गरीब मुलांना स्वस्त लॅपटॉप: आधी यंत्र की आधी शिक्षक?

वाटसरू: २००५ मध्ये एमआयटी मीडिया लॅबच्या निकोलस निग्रोपाँटे यांनी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजना मांडली. शंभर डॉलरचा लॅपटॉप, गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला. हेतूबद्दल शंका नाही. पण शिक्षकाला वगळून आखणी झाली आणि योजना तिथेच फसली, असं माझं मत आहे. पेरूने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने केली, अहवाल २०१२ मध्ये आला. गणित-भाषेच्या गुणांत फरक नाही, हजेरीत नाही, घरच्या अभ्यासातही नाही. लॅपटॉपमध्ये दोनशेच्या आसपास पुस्तकं भरून दिली होती, तरी वाचन वाढलं नाही. पुस्तक उघडून मुलाशेजारी बसणारं कुणी नको का?

रेवा_क: अर्धाच अहवाल सांगताय. त्याच मुलांची तर्कशक्ती आणि शब्द सुचण्याचा वेग मोजला, तेव्हा थोडी का होईना, वाढ दिसली. ते शिक्षण नाही? आणि ते यंत्र एकदा नीट बघा. भर उन्हात वाचता येईल असा पडदा. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कीबोर्ड. वायफायचे अँटेना कानांसारखे उभे राहायचे, मिटले की यूएसबीची भोकं झाकायचे. इंटरनेट नसलं तरी लॅपटॉप एकमेकांशी जोडले जायचे. उघड्यावर शिकणाऱ्या मुलांसाठी इतका विचार त्याआधी कोणत्या कंपनीने केला होता?

जुना_मास्तर: यंत्र उत्तम, हिशेब कच्चा. २००७ मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा किंमत १८८ डॉलरच्या घरात गेली होती. त्यात दुरुस्ती, वीज, प्रशिक्षण धरलेलं नाही. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच नकार दिला: वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज जास्त तातडीची. तेव्हा टीका झाली, पण निर्णय बरोबरच होता. एकाच शिक्षकावर चार इयत्ता असतील तर दुसरा शिक्षक हीच पहिली मदत.

रेवा_क: मग उरुग्वेचं काय? २००७ मध्ये 'प्लॅन सेबाल' सुरू केला, २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांना लॅपटॉप दिले. शाळांना इंटरनेट दिलं. पुढे परदेशी शिक्षक व्हिडिओवरून इंग्रजीचे तास घेऊ लागले. यंत्र आधी आलं म्हणूनच पुढचं शक्य झालं.

सुलभा: तिथेही सुरुवातीच्या काळात गणित-वाचनाचे गुण वाढल्याचं अभ्यासात दिसलं नाही, हेही लिहा. मात्र श्रीमंत आणि गरीब घरांतली संगणकाची दरी बुजली. मला ते कमी वाटत नाही.

वाटसरू: सुलभाताई, मान्य. पण उरुग्वेत सरकारने स्वतंत्र संस्था उभारून वर्षानुवर्षं पैसा घातला. देणगीच्या योजनेत लॅपटॉप पोचले की फोटो निघतो, आणि बिघडल्यावर विचारायला कुणी नसतं. पेरूत कित्येक मुलांना तो घरी नेताच आला नाही, कारण मोडला तर भरून कोण देणार, ही पालकांना धास्ती. मुलाच्या मालकीचा म्हणून दिलेला लॅपटॉप शाळेतच अडकून पडला. रेवा, निधी मर्यादित असेल तर तुम्ही दहा लॅपटॉप कमी करून दुरुस्ती करणारा एक माणूस नेमाल की नाही, एवढंच सांगा.

रेवा_क: नेमेन. पण लॅपटॉपच रद्द करून नव्हे.