पाठच्या दारी पाणी: तुमच्याकडे कोण कोण येतं?

देवबागला आमच्या सासरी पुढचं दार समुद्राकडे, मागचं कर्ली खाडीकडे. मधली जमीन म्हणजे माडांची एक पट्टी. नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. पहाटे मागच्या पायरीवर भांडी घासायला गेले तर तिथे खवले आणि कुर्ल्यांच्या कवच्यांनी भरलेली घाण. वास तर विचारूच नका. मी मांजराच्या नावाने शंख केला. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "मांजार न्हय गो, ऊद तो!"

ऊद म्हणजे पाणमांजर. ठरलेल्या जागी येऊन घाण करायची, हा त्यांचा एकमेकांना निरोप असतो म्हणे. मी तो निरोप फिनाईल टाकून घासून काढला. आठ दिवस कोणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी, सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी, पाण्यात पाच डोकी एका रांगेत. मला पाहून थांबली, फुसकारली आणि बुडाली. तेवढ्यावर मी खाडीशी लग्न केलं.

तर मंडळी, तुमच्या परसातून काय दिसतं? आणि पाहायला शिकवलं कुणी?

चोडण, गोवा
आमच्यामागे खाजन शेत, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेलं. ओहोटीला मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या) दाराशी बाबा जाळं लावतात आणि ऊद त्यांच्याआधी हजर! जाळं फाटलं की बाबा दिवसभर तापलेले. मला आतून आनंद होतो, पण घरात तो दाखवायची सोय नाही. बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तरी थंडीतला कैकर (मासे धरणारा शिकारी पक्षी) मी आमच्याच खुंटावर पाहिला. पाय पुढे टाकून पाण्यावर आदळतो आणि मासा नेताना त्याचं डोकं पुढे, शेपूट मागे धरतो. हे बाबांनीच दाखवलं. ऊद सोडून सगळ्यांवर त्यांची माया.

दाभोळ खाडी
गादे (डॉल्फिन हो!) शोधायचे तर पाणी नका बघू, वर बघा. घारी आणि सुरय पक्षी एकाच जागी घिरट्या घालू लागले, बोय मासे पाण्याबाहेर उडू लागले की गादे खालीच असतात. चित्रातल्यासारख्या उड्या विसरा. कुबडाची करडी पाठ, एक फुस्स, संपलं. आजोबा होडीवर होते, त्यांची ही युक्ती.

पुणे
आमच्या मागेही नदी आहे, पण वासामुळे खिडकी बंद. काचेतून पाणकावळे पंख वाळवताना दिसतात. चालेल ना?

फ्लोरिडा
चालेल की! आमच्या कालव्यात तसाच पंख वाळवत बसणारा आन्हिंगा पक्षी आहे. हिवाळ्यात मॅनटी (समुद्रगायी) येतात. पाणी साधारण २० अंशांखाली गेलं की त्यांना सोसत नाही, म्हणून उबेच्या शोधात आत शिरतात. आई भारतातून आली तेव्हा एक म्हैसच पोहतेय असं तिला वाटलं. तहानेली दिसते म्हणून तिने बागेचा पाइप धरला. शेजारीणबाई धावत आल्या! पाणी पाजणंही इथे कायद्याने बंद, कारण पाइपाच्या लोभाने ती धक्क्यांना चिकटून राहतात आणि बोटींचे पंखे लागतात. पाठीवरच्या त्या व्रणांवरूनच संशोधक एकेकीला ओळखतात. आई तेव्हापासून नुसती बसून बघते, तोंडाने मात्र "ये गं, ये" चालूच.

देवबाग, पुन्हा मीच
पुणेकर, चालेल! आज पायरीवर परत खवले आहेत. सासूबाईंनी भांडी विहिरीकडे हलवली.