संक्रांतीच्या स्नेहभोजनातील भाज्या

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदा संक्रांतीच्या स्नेहभोजनात पक्वान्नांपेक्षा घरच्या साध्या भाज्यांवर भर द्यावा, असे मागच्या बैठकीत ठरले. त्याप्रमाणे वांग्याचे भरीत, वालाचे बिरडे, भोगीची भाजी आणि मेथी ही चार नावे पुढे आली आहेत. स्वयंपाक चार घरांत वाटला जाणार असल्याने चवीत फार फरक पडू नये, म्हणून सर्वच भाज्यांना गोडा मसाला, गूळ आणि ओले खोबरे घालावे, अशी एक सूचना आहे. कोणाचे वेगळे मत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.

भोजन समितीच्या वतीने,
आपली समन्वयक

---

वहिनींना आणि सर्व मंडळींना स.न.वि.वि.

चार घरांनी स्वयंपाक वाटून घेण्याची कल्पना मला मनापासून आवडली; परंतु सगळ्या भाज्यांना एकच मसाला घालण्यास माझा विरोध आहे आणि त्याचे कारण जरा सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे माहेर जळगाव जिल्ह्यातले. आमच्याकडचे भरीत हिवाळ्यातल्या फिकट हिरव्या, मोठ्या, कमी बियांच्या वांग्यांचे असते, आणि त्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ती भाजतात. साल पुरती काळी पडून देठाजवळचा भागही बोटाने सहज दबू लागला, की वांगे सोलून लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या आणि लसणीबरोबर ठेचायचे. मग तेलात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप परतून त्यात हे ठेचलेले वांगे घालायचे आणि शेवटी बारीक चिरलेली कांद्याची पात व कोथिंबीर मिसळायची. सोबत ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी असली, की ताटात दुसरे काही लागत नाही. या भरितात गोडा मसाला नसतो आणि गूळ तर नसतोच. पऱ्हाटीच्या धुराचा वास आणि मिरचीचा झणका यांवरच त्याची चव उभी असते. दगडफुलाचा वास आला, की ती दबून जाते.

इथे पऱ्हाट्या मिळणार नाहीत आणि वांगीही जांभळीच घ्यावी लागतील, हे मला मान्य आहे. तरी ती अख्खी, चार ठिकाणी टोचून, थेट आचेवर भाजावीत आणि सोलल्यावर पाव तास चाळणीत निथळत ठेवावीत, म्हणजे भरीत पाणचट होत नाही.

मुळात आपल्या प्रांतांच्या भाज्या वेगळ्या झाल्या, त्या हाताशी काय पिकते यावरून. किनारपट्टीला नारळ आहे, म्हणून तिथे ओले खोबरे सढळ हाताने पडते. घाटावर आणि खानदेशात शेंगदाणे, तीळ आणि सुके खोबरे आहे, म्हणून भाजीला दाटपणा कुटाने येतो. भोगीच्या भाजीचेच पाहा. पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगे असे त्या दिवसांत मळ्यात जे असेल ते एकत्र शिजते आणि त्याला बांधून ठेवते ते भाजलेल्या तिळाचे कूट. तिथे गोडा मसाला आणि गुळाचा खडा दोन्ही शोभतात, ते अवश्य घालावेत. मेथीला मात्र लसूण आणि मिरचीची फोडणी पुरे आहे.

भरीत मी करीन. ते माझ्या आईच्या पद्धतीनेच करू द्यावे, ही विनंती.

आपली,
खानदेशातील एक सभासद

---

ताईंना आणि सर्वांना नमस्कार.

ताईंच्या पत्राशी मी पूर्ण सहमत आहे. आम्ही मूळचे अलिबागकडचे, आणि गूळ व ओले खोबरे कुठे हवे हे सांगायचे, तर ते आमच्या बिरड्यात हवे. कडव्या वालांना अंगचाच एक कडवटपणा असतो. गुळाने तो नाहीसा होत नाही, पण जिभेला हवाहवासा होतो, आणि आमसुलाच्या आंबटपणाने दोन्ही चवी जुळून येतात. हेच वाटण मेथीत घातले, तर मेथीही राहणार नाही आणि बिरडेही होणार नाही.

बिरड्यात खरी मेहनत शिजवण्यापूर्वीची आहे. वाल रात्रभर भिजत घालून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. फोडणीत परतल्यावर वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतायचे. त्या पाण्यामुळे आतली वाफ धरून राहते, दाणे तळाला लागत नाहीत आणि रस कमी वाटला, तर झाकणातलेच गरम पाणी आत घालता येते. गार पाणी घातले, की दाणा दडदडीत राहतो. चमच्याने ढवळू नये. पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवावे, म्हणजे सोललेले वाल मोडत नाहीत.

शनिवारच्या जेवणासाठी मी बुधवारी रात्री दोन किलो वाल भिजत घालतो. शुक्रवारी संध्याकाळी सोलायला तीन-चार जण आमच्याकडे आले, तर दोन तासांत काम उरकेल. कोण येऊ शकेल, ते वहिनींना कळवावे.

आपला,
अलिबागकर