मदत हवी आहे: पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) किंवा ईस्टरनंतरच्या आठवड्यात अडकलेले सण कुठे सरकवायचे?

स्प्रेडशीटमध्ये रोमन कॅथलिक सणांची कायमची दिनदर्शिका बनवतोय. ईस्टरवर अवलंबून असलेल्या तारखा जमल्या: राखेचा बुधवार ४६ दिवस आधी, पेंटेकॉस्ट ४९ दिवसांनी. अडलंय ते ठरलेल्या तारखांच्या सणांवर. २००८ मध्ये ईस्टर २३ मार्चला होता (इतक्या लवकर क्वचितच येतो). तेव्हा संत योसेफाचा १९ मार्चचा सण मागे १५ मार्चला गेला, पण मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा २५ मार्चचा सण पुढे ३१ मार्चला. एक मागे, एक पुढे, हे कसं? २०२७ मध्ये २५ मार्चला पवित्र गुरुवार आहे, म्हणून तो सण ५ एप्रिलला धरलाय. ऑर्थोडॉक्स तारखा नकोत, स्थानिक सणही नकोत. फॉर्म्युल्यात या दोघांसाठी वेगवेगळी अट घालू, की दोन्ही तारखा एकाच नियमातून निघतात?