आयब्युप्रोफेनचं काय?
'हृदयविकार टाळायला पन्नाशीनंतर प्रत्येकानं रोज छोटी ॲस्पिरिन घ्यावी' हे मत आता जुनं झालं. २०१८ च्या ॲस्प्री या ॲस्पिरिनवरच्या मोठ्या चाचणीत १९,००० हून जास्त धडधाकट ज्येष्ठांमध्ये हृदयविकार फारसा घटला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचं किंवा स्टेंटवाल्यांचं (रक्तवाहिनीत जाळीची नळी बसवलेल्यांचं) गणित वेगळं. त्यांनी हे वाचून परस्पर गोळी सोडू नये.

रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांसाठी एक मुद्दा राहिलाच. गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी आधी घेतली, तर ती प्लेटलेटमधली (रक्त गोठवणाऱ्या पेशींमधली) ॲस्पिरिनची जागाच अडवून बसते. ॲस्पिरिन लवकर रक्तातून निघून जाते. जागा मोकळी होईतो ती असतेच कुठे! एरवी ॲस्पिरिनचा परिणाम प्लेटलेट जगेल तितके, म्हणजे ७ ते १० दिवस टिकतो. म्हणून साधी, बिनवेष्टनाची (गोळीवर उशिरा विरघळणारा थर नसलेली) ॲस्पिरिन आधी, आयब्युप्रोफेन किमान अर्ध्या तासानं. वेष्टनवाल्या गोळीचं डॉक्टरांनाच विचारा.