मदत हवी आहे: 'ग्लॅमर' म्हणजे चेटूक? मग मराठीत काय लिहू?

एका जुन्या स्कॉटिश लोकगीताचं मराठी करतेय आणि एका शब्दावर चार दिवस अडलेय. जिप्सी वाड्याच्या दाराशी येऊन गातात, बाईसाहेब खाली उतरतात, आणि त्यांचं तोंड दिसताच जिप्सी त्यांच्यावर 'ग्लॅमर' टाकतात. झालं, बाई नवरा, घरदार सोडून त्यांच्यामागे चालू लागते. मी आधी 'सौंदर्याची झळाळी' वगैरे लिहून मोकळी झाले होते. साफ चुकलं.

शोधल्यावर कळलं, हा शब्द मुळात 'ग्रामर'च! मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिन विद्या. ती मूठभरांनाच यायची, त्यामुळे पोथी वाचणाऱ्याला मंत्रतंत्रही येत असणार असं बाकीच्यांना वाटे. फ्रेंचमध्ये जादूच्या पोथीला 'ग्रिम्वार' म्हणतात, तोही याच कुळातला. स्कॉटलंडमध्ये 'र'चा 'ल' झाला (आपल्याकडे हरिद्रेची हळद झाली, तसंच काहीसं). 18व्या शतकात तिकडे ग्लॅमर म्हणजे डोळ्यांवरची भूल: आहे ते दिसू नये, नाही ते दिसावं. स्कॉटिश कवी वॉल्टर स्कॉटने 1805च्या काव्यात वापरल्यावर तो सीमेपलीकडे, इंग्लंडमध्ये रुळला. नट्यांचं ग्लॅमर फार नंतरचं. शाळेत व्याकरणाच्या तासाला मला जी झोप यायची, ती आता कळली कशाची ते!

'चेटूक' नको, त्याला लिंबू-टाचण्यांचा वास येतो. 'नजरबंदी' अगदी नेमका. बाजारात गारुड्याने खड्याचा रुपया केला की आजी म्हणायची, "नजरबंदी केली मेल्याने." पण आजचा वाचक बाईला नजरकैदेत टाकेल. 'मोहिनी' मनावर पडते, मला डोळ्यांवर पडणारं हवंय. तुमच्या गावाकडे काही शब्द आहे का?

प्रतिसाद: मोहिनी मनावरच पडते असं कोण म्हणालं? विष्णूने मोहिनीरूप घेतलं तेव्हा असुरांचे डोळेच फसले होते. समोर कोण उभंय तेच कळलं नाही. स्कॉटच्या त्या काव्यातही ग्लॅमरने बाई सरदारासारखी दिसू शकते. बिनधास्त 'मोहिनी घातली' लिहा.

धागाकर्ती: अरे हो की! असुर डोक्यातच आले नाहीत. 'मोहिनी' घेते. आता 'घातली' चालीत बसत नाहीये, 'टाकिली' करून गाऊन बघते.