शब्दचर्चा: मस्करी, टिंगल की कुचेष्टा?

प्रश्न (डिचोली, शिक्षिका): सातवीतल्या एका मुलाने शेजारच्या रांगेतल्या मुलीकडे बघून बोटांनी घाणेरडी खूण केली. मागचे फिदीफिदी हसले. विचारलं तर म्हणाला, 'टीचर, हांव मस्करी करतालों.' पालकांना चिठ्ठी लिहायची आहे. त्यात 'मस्करी' लिहायला मन धजत नाही. कोणता शब्द वापरू?

उत्तर (फोंडा): 'मस्करी' नकोच. थट्टामस्करी बरोबरीच्या माणसांत चालते, आज मी तुझी, उद्या तू माझी. टिंगलटवाळीत हसणारे एकीकडे आणि मान खाली घालणारा दुसरीकडे. इथे 'कुचेष्टा' बसेल. संस्कृतात 'चेष्टा' म्हणजे अंगाची हालचाल. मराठीत तिला थट्टेचा अर्थ चिकटला. बोलून केलेली नालस्ती आणि हातवारे, दोन्ही 'कुचेष्टे'त मावतात.

उत्तर (पेडणे): रंगावरून, आडनावावरून, बोलीवरून हिणवलं तर 'कुचेष्टा' चपखल. पण अशा खुणेसाठी तो शब्द मवाळ पडतो. सरळ 'अश्लील हावभाव' लिहा. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 11 मध्ये लैंगिक हेतूने बालकाला उद्देशून काढलेला शब्द, आवाज किंवा केलेला हावभाव हा लैंगिक छळ मानला आहे. म्हणून मुख्याध्यापकांनाही लेखी कळवा. 'चाळे' मात्र टाळा, शेंबड्या पोराच्या खोड्यांनाही आपण चाळेच म्हणतो. आणि मुलावर 'वाह्यात', 'निर्लज्ज' असा शिक्का मारू नका. कृतीला नाव द्या, पोराला नको.

प्रश्नकर्ती: पटलं. वर्गात तिथल्या तिथे काय बोलावं?

उत्तर (फोंडा): 'यात हसण्यासारखं काय, सांग बघू.' समजावून सांगायची वेळ आली की हसू आपोआप ओसरतं. मागे हसणाऱ्यांनाही हेच विचारा, त्यांच्या हसण्यावरच ती खूण पोसते. मुलीला मात्र सगळ्यांदेखत 'तुला वाईट वाटलं का?' विचारू नका. ती बिचारी 'नाही' म्हणेल आणि विषय तिच्याच तोंडून मिटेल. नंतर एकटीला भेटा. 'मनावर घेऊ नको' हे तर चुकूनही म्हणू नका.

उत्तर (पेडणे): चिठ्ठीत मुलीचं नाव नको. एवढं पुरे: 'आपल्या मुलाने आज वर्गात एका विद्यार्थिनीकडे पाहून अश्लील हावभाव केला. याबाबत बोलण्यासाठी उद्या शाळेत यावे.'